प्रतिसाद: संघटना म्हणजे सगळे शिक्षक नव्हेत

वर कुणीतरी म्हटलंय की शिक्षक संघटना प्रत्येक सुधारणेला आडव्या येतात. अर्धं पटलं. पण झेडपी शिक्षकांच्या बदल्यांचा २७ फेब्रुवारी २०१७ चा जीआर (शासन निर्णय) आठवा. सुगम म्हणजे सोयीच्या, सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षं काढलेला बदलीपात्र, आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षं झालेल्याला बदली मागायचा हक्क, बाकी सगळं ऑनलाइन. तेव्हा संघटनांच्या मोर्चात पुढे कोण होतं तर तालुक्याच्या गावात वर्षानुवर्षं मुरलेले. माझी मोठी बहीण तेव्हा पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत, एसटी सोडून पुढे तासभर पायी, पावसाळ्यात ओढा भरला की तिकडेच मुक्काम. संघटनेची वर्गणी तीही दरवर्षी भरायची हां, पण ह्या मोर्चाला गेली नाही. नेटकॅफेत बसून वीस शाळांचे पर्याय भरले आणि पहिल्यांदाच कुठल्या झेडपी मेंबरच्या दारात न जाता बदली होऊन खाली सोयीच्या शाळेत आली.

उलट २०२४ ला वीस किंवा कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमायचा जीआर निघाला तेव्हा हीच बाई २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून कलेक्टर कचेरीवर. मी म्हटलं, आता कशी गेलीस? तर म्हणे, ह्यावेळी माझी जुनी शाळाच यादीत बसत होती ना.