पुड्यात कमी भरलं तर "थोडं सोडा" म्हणायचं?

निपाणीचा दुकानदार (मूळ पोस्ट): पाच-दहा ग्रॅमसाठी वजनमाप खातं दुकानदाराच्या मागं लागतंय. माल सुकतोय की ओ! गिऱ्हाइकानं थोडं सोडायला शिकावं.

खानापूरकर: सोडायला? उधारीतले पाच रुपये तुम्ही कधी सोडलेत? कायदा आधीच सोडून बसलाय. अर्धा किलोच्या पुड्याला 3 टक्के, म्हणजे 15 ग्रॅमपर्यंत चूक चालते. 50 ग्रॅमच्या पुडीला तर 9 टक्के. त्याहून कमी भरलं तरच 2009 च्या वजनमाप कायद्याचं कलम 36, पहिल्या वेळी 10 ते 50 हजार दंड. तोही भरणाऱ्याला. तुम्हाला झळ लागतेय म्हणजे पोत्यातली डाळ पुड्यात भरून लेबल तुम्हीच चिकटवताय. मी परवा अर्धा किलो काजू आणले, 460 ग्रॅम भरले. इतके सुकत असतील तर बेदाणे म्हणून विका.

निपाणीचा दुकानदार: होय, मीच भरतोय. चोरी आहे काय? घरच्या काट्यावर मोजून गावभर बोंबलालाय, त्या काट्याला वजनमाप खात्याचा शिक्का आहे? आम्हाला दरवर्षी मारून घ्यावा लागतोय. आणि एका पुड्यावरून ठरत नाही, नमुने काढून सरासरी बघतात. 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबलवाल्या धान्याला 5 टक्के जीएसटी. तांदळाची 26 किलोची पिशवी कशी जन्माला आली ते विचारा की कुणाला तरी.

शहापूरची वहिनी: पुड्याचं राहू दे. बेळगावात कुंदा, आपली खव्याची मिठाई, घ्यायला गेलं की आधी खोका काट्यावर! पुठ्ठा कुंद्याच्या भावानं. बोलले तर पोरगं म्हणतंय, "सगळे असंच देतात आक्का."

टिळकवाडीकर: वजन नंतर. ते वाचायचं कसं? नियमाप्रमाणं लेबल हिंदी नाहीतर इंग्रजी. इथल्या, कर्नाटकात तयार झालेल्या मालावर आता कन्नडही. मराठी माणसानं पुडा हुंगून ओळखायचा?

गोकाकचा: आला सीमाप्रश्न डाळीच्या पुड्यात! जादा भाषा छापायला नियमाची बंदी नाही. 500 हा आकडा तर सगळ्यांना वाचता येतो.

टिळकवाडीकर: दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नडसाठी काय धावपळ झाली, विसरलात? माझ्या भावाची चांगली पाटी उतरवली. खर्च कुणाच्या खिशातून गेला?

गोकाकचा: पाटीचा नि पुड्याचा काय संबंध ओ? काहीही निघालं की नेऊन 1956 च्या राज्य पुनर्रचनेला बांधायचं. माझी आजी फक्त कन्नड वाचते, इंग्रजी लेबल बघून तिनं कुणाकडं मोर्चा न्यायचा?

टिळकवाडीकर: तुमच्या आजीसाठी सरकार आहे. आमच्या आईसाठी कोण?

शहापूरची वहिनी: भांडा दोघं. खोक्याचं वजन कोण काढणार?

खानापूरकर: वहिनी, खोका बाजूला ठेवून मोजायला लावा, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनला फोन, नंबर 1915. दुकानदारसाहेब, सरासरीचं तुमचं खरं, मोठं मन करून मान्य करतो. पण दंड जातो सरकारला, गिऱ्हाइकाच्या हातात काय? केरळात त्रिशूरला 300 ग्रॅमच्या बिस्किटांच्या पुड्यांत 268 आणि 248 निघाले, ग्राहक आयोगानं 2024 मध्ये गिऱ्हाइकाला 60 हजार द्यायला लावले. तसं इथं होऊ दे, मग बघू किती सुकतंय.

निपाणीचा दुकानदार: आणि ती बिस्किटं घेतलेली 2019 ला! तोवर मी दुकान पोराच्या नावावर करून मोकळा. काजू घेऊन या, माझ्या शिक्क्याच्या काट्यावर मोजू. पुडा फोडलेला नसला तरच हं.