मदत हवी आहे: एकाच प्लॉटवर दोन घरं, नळ एकच. वेगळं मीटर कुठे बसवावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

हनुमाननगरात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. वाटणीत रस्त्याकडचा भाग काकांकडे गेला आणि मागचा बाबांकडे आला. मधे विटांची भिंत आहे. आम्हाला यायला-जायला बाजूने एक अरुंद बोळ आहे, दुचाकी कशीबशी निघते. घर वाटलं, अंगण वाटलं, विजेचं मीटरही वेगळं झालं, पण नळ तसाच सामायिक राहिला. पाण्याचं मीटर काकांच्या फाटकाशी आहे. तिथून अर्ध्या इंचाची जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची) लाइन त्यांच्या अंगणाखालून भिंत ओलांडून आमच्या टाक्यात येते. बिल काकांच्या नावाने येतं, अर्धे पैसे आम्ही देतो. बाबा होते तोवर यावर कधी शब्दाला शब्द लागला नाही.

आता आमच्याकडे आई आणि मी, दोघीच. काकांकडे सून-नातवंडं धरून सात माणसं. नागपूरचा उन्हाळा म्हणजे कुलरशिवाय दिवस जात नाही आणि त्यांच्याकडे दोन मोठे कुलर आहेत. मार्च लागला की बिल चढतं, आणि अर्धं बिल आईच्या पेन्शनमधून जातं. तरी हा विषय मी काढला नव्हता. काकांनीच काढला. म्हणाले, "बेटा, तू आपलं मीटर वेगळं करून घे. माझ्यामागे तुम्हा पोरांत पाण्यावरून बोलाचाली नको." २०१९ च्या जुलैत शहराला एक दिवसाआड पाणी येत होतं, तेव्हा याच काकांनी आधी आमचं टाकं भरू दिलं आणि मग आपला कॉक उघडला. हे लिहिते आहे कारण उत्तर देताना कृपया भांडणाचं प्रकरण समजू नका. मला हे नातं सांभाळून करायचं आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे.

एक म्हणजे जागा. मोजमाप घ्यायला आलेला माणूस म्हणाला की मीटर मागे तुमच्या टाक्याजवळच लावून टाकू, नजरेसमोर राहील. आईलाही तेच हवं आहे, कारण गल्लीत पितळी मीटर चोरीला गेल्याचं तिने ऐकलं आहे. मला वाटतं बोळाच्या तोंडाशी, रस्त्याकडच्या भिंतीत असावं. तिथून टाक्यापर्यंत साधारण ४० फूट पाइप येईल, सगळा बोळातून. बोळात खाली काळी माती आहे. मीटर पुढे लावलं तर या ४० फुटांतली गळती माझ्या बिलात, मागे लावलं तर नाही, असंच ना? मग मागेच लावणं शहाणपणाचं का?

दुसरी अडचण जुन्या लाइनची. माझ्या चुलतभावाने मागच्या वर्षीच अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. आपली लाइन त्याच्याच खालून आहे. ती काढायची म्हणजे अंगण फोडणार, अशी त्याला धास्ती आहे आणि ती मला पटते. आमच्या बाजूने भिंतीशी लाइन कापून बूच मारलं तर चालेल का?

कागदांचं सांगते: घरटॅक्सचा इंडेक्स नंबर आमचा वेगळा आहे. आखीव पत्रिकेवर (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) मात्र अजून काका आणि बाबा दोघांचीही नावं आहेत.

कुणी असं मीटर वेगळं करून घेतलं असेल तर नीट सांगा. एकदा खोदलं की पुन्हा पुन्हा खोदणं आम्हाला परवडणार नाही.

— बोळातलं घर

धरमपेठकर:
जागेबद्दल तुमचा पहिला विचार बरोबर आहे, पुढेच लावा. मीटर आत असलं की रीडिंग घेणाऱ्याला तुम्ही घरी असाल तेव्हाच यावं लागतं. तुम्ही नोकरीवर, आई देवळात, फाटकाला कुलूप. तो 'घर बंद' लिहून जातो आणि बिल सरासरीने येतं. सरासरी बिल एकदा सुरू झालं की ते दुरुस्त करायला हेलपाटे घालावे लागतात. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, मीटर मागच्या संडासाजवळ होतं.

चोरीच्या भीतीवर उपाय आहे. भिंतीत कोनाडा करून घ्या, लोखंडी झाकण, त्याला रीडिंग दिसेल एवढी खिडकी. बोळाला फाटक असेल तर फाटकाच्या आत पण बाहेरून दिसेल असं.

वेगळं मीटर घेण्याचा फायदा दोन्ही घरांना आहे, हे चुलतभावाला सांगा. आपल्याकडे पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष धरला तर नऊ माणसांचे महिन्याला ३६ युनिट होतात (एक युनिट म्हणजे १००० लिटर). एका मीटरवर हे सगळं मोजलं की वरची युनिटं महागड्या टप्प्यात जातात. वेगळं केलं की तुमची आठ आणि त्यांची अठ्ठावीस. पाणी तेवढंच, दोघांचं मिळून बिल कमी.

पाइपवाला:
ताई, मी नळाचंच काम करून राहिलो इतकी वर्षं, म्हणून सांगतो. गळतीच्या भीतीनं मीटर मागं लावू नका. मीटरच्या आधी गळलं तरी पाइप तुमच्याच बोळात, फोडा-जोडा तुमच्याच दारात. आणि आधीची गळती मीटर दाखवत नाही, म्हणून महिनोन् महिने समजत नाही. पाया भिजत राह्यते. मीटर पुढं असलं तर गळती मीटरच्या डायलमधल्या फिरत्या चक्रीवर दिसते. दिसलेली गळती बरी.

काळ्या मातीचं खरं आहे. उन्हाळ्यात ती फाटते, पावसात फुगते, आणि जीआयचा जोड त्या ओढाताणीत ढिला होते. जीआय टाकूच नका. निळा एमडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा पाइप येते, तो लवचिक असते. बोळात एकच अखंड तुकडा टाकजा, मधात जोड नको. खाली-वर वाळू किंवा बारीक मुरूम भरजा, काळी माती पाइपला लागू देऊ नका. कोणी म्हणन की भिंतीवरून उघडा नेऊ, खोदायची कटकट नाही, तर नाही म्हणजा. आपल्या उन्हात प्लास्टिक टिकत नाही आणि दुपारी नळाला उकळतं पाणी येते.

मीटर आडवं, सपाट बसलं पाहिजे. डायल आकाशाकडं. अंगावरचा बाण पाणी जाते त्या बाजूला. मीटरच्या आधी वीतभर पाइप सरळ पाहिजे, तिथंच एल्बो (काटकोनी जोड) दिला तर आकडा चुकते. दोन्ही बाजूला कॉक, पुढं नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ नये म्हणून. जमिनीपासून जरा वर घ्या, पावसाळ्यात चेंबर भरलं तर काच आतून धुरकट होते.

आता जुन्या लाइनचं. तुमच्या भिंतीशी बूच मारू नका. मग पेव्हरखालचा सगळा पाइप पाण्यानं भरलेला, दाबाखाली राहीन. गळला तर बिल काकांना. फांदी जिथून निघते त्या तीन तोंडाच्या जोडावर, म्हणजे टी वरच बंद करा. टी कुठं आहे ते पाहा आधी.

वैदर्भी:
पाइपवाल्यांच्या म्हणण्यात एक भर. टुल्लू पंप थेट लाइनवर लावू नका, वेगळं मीटर झाल्यावर तो मोह फार होतो. मनाई तर आहेच, शिवाय पंपाने ओढलं की पाइपला कुठे बारीक चीर असेल तिथून बाहेरचं गढूळ पाणीही आत येतं. टाक्यात फ्लोट व्हॉल्व्ह (टाकं भरलं की पाणी बंद करणारा) लावून पाणी आपल्या दाबाने भरू द्या आणि टाक्यातून वर चढवा.

कागदांसाठी: आमचं झालं तेव्हा घरटॅक्सची चालू पावती, मालकीचा कागद, ओळखपत्र आणि जुन्या कनेक्शनवर थकबाकी नाही हे पाहिलं. आखीव पत्रिकेवर नाव सामायिक असल्यामुळे भावाचं संमतीपत्र घेतलं. काका राजी आहेत तर ते आत्ताच लिहून घ्या, आणि त्यात बोळातून पाइप नेण्याचा उल्लेख असू द्या. आज सगळे गोडीत आहेत म्हणूनच आज लिहायचं. बाबांच्या जागी आईचं आणि तुमचं नाव चढवायचा अर्जही लगोलग टाका.

बोळातलं घर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाइपवाले दादा, तुम्ही 'टी कुठं आहे ते पाहा' म्हणालात म्हणून काकांना घेऊन मीटरचं झाकण उघडलं. काकांनी ओल्या फडक्याने काच पुसली. काळे आकडे, त्यांच्या उजवीकडे लाल आकडे, आणि मधे ती दातेरी चक्री. टी तिथेच आहे! मीटरपासून हातभर पुढे, त्याच चेंबरमध्ये, पेव्हर सुरू होण्याच्या आधी. आमच्या फांदीवर गंज चढलेला एक कॉकही निघाला. तो असल्याचं काकांनाही आठवत नव्हतं.

मग चुलतभावाला म्हटलं, आज रात्री पाणी सुरू असताना बघू. त्यांच्या घरचे सगळे नळ बंद केले. आमच्याकडे टाक्याशी येणारी लाइन पूर्ण बंद केली. कुठेही थेंब घेतला जात नव्हता, तरी चक्री फिरत होती. हळू, पण न थांबता. भावाने टीजवळचा आमचा कॉक आवळला, आणि चक्री थांबली. पुन्हा सोडला, पुन्हा फिरायला लागली. म्हणजे गळती त्याच्या पेव्हरखालच्या आमच्या फांदीत आहे आणि दोन्ही घरं त्या पाण्याचे पैसे भरत होती. काकांच्या मनात कुलरचा संकोच होता, माझ्या मनात आईच्या पेन्शनचा हिशेब होता, आणि त्यातलं किती पाणी मातीत मुरलं ते दोघांनाही दिसत नव्हतं. नवेगाव खैरीहून पेंचचं पाणी शुद्ध होऊन इथवर यायचं आणि अंगणाखाली जिरायचं, याचं मला फार वाईट वाटलं.

भाऊ लगेच तयार झाला. टीवर कायमचं बूच मारायचं, पेव्हरला हात लावायचा नाही, जुना पाइप कोरडा तसाच जमिनीत राहू द्यायचा. तोवर कॉक बंद आणि आम्हाला पाणी त्यांच्या नळावरून होजने, हे काकूंनी स्वतःहून सांगितलं.

आता एकच विचारायचं आहे. नवं मीटर मधल्याच तारखेला लागेल, तेव्हा काकांच्या चालू बिलाची वाटणी कशी करावी?

धरमपेठकर:
नवं मीटर लागेल त्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, आकडे आणि मीटरचा नंबर दोन्ही वाचता आले पाहिजेत. काकांच्या मीटरवरचा त्या दिवशीचा आकडा वजा मागच्या बिलातला आकडा, एवढंच सामायिक. ते नेहमीसारखं अर्धं द्या. त्यानंतरचं काकांचं. नव्या मीटरचा सुरुवातीचा आकडाही लिहून घ्या, तो दर वेळी शून्यच असतो असं नाही.

पाइपवाला:
आणि ताई, मीटर लागल्यावर वीस लिटरची बादली लावून पाहजा. लाल आकडे वीस लिटरच पुढं गेले पाहिजेत, थोडं इकडंतिकडं चालते. पाणी नुकतंच सोडलं असंल तेव्हा नका पाहू, लाइनमधली हवा आधी निघते आणि तिच्यानंही चक्री फिरते. धार एकसारखी झाली की मग लावा. खोदायच्या आधी बोळाच्या तोंडाचा एक फोटो टाका, कोनाडा कोणत्या बाजूला घ्यायचा ते सांगतो.

बोळातलं घर:
उद्या सकाळी उजेडात काढून टाकते.