बायपासनंतर सीटी अँजिओत ग्राफ्ट (बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्या) नीट दिसतात का?

नमस्कार मंडळी, जरा गोंधळलोय. बाबांची बायपास होऊन नऊ वर्षं झाली. वय ७१, मधुमेह आहे, किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.५. महिनाभरापासून दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती आवळल्यासारखी होते, थांबले की बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले, आधी सीटी अँजिओ करू, म्हणजे रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय टोचून स्कॅन. काकांचं म्हणणं, "कशाला दोनदा खर्च, थेट मांडीतून नळी घालून बघा." बाबांना नळीचं नावही नको.

छातीच्या एक्स-रेत ऑपरेशनच्या धातूच्या क्लिपा दिसतात, स्टेपलरच्या पिनांची रांग लावल्यासारख्या. त्यांच्यामुळे सीटी धूसर येते का? आणि हा डाय किडनीला झेपेल का? ऑपरेशनचे कागद घर बदलताना कुठे गेले कोण जाणे.

प्रतिसाद १
मी सीटी विभागात तंत्रज्ञ आहे. ग्राफ्ट सहसा छान दिसतात, विशेषतः पायाच्या शिरेचे: ते जाड असतात आणि हृदयाबरोबर कमी हलतात. क्लिपांशेजारी थोडा भाग झाकोळतो, पण बहुतेक वेळा निभावतं. खरी पंचाईत बाबांच्या मूळच्या धमन्यांची. त्यांत कॅल्शियम साठलेलं असतं, त्यामुळे अडथळा आहे त्याहून मोठा भासतो.

कागद मात्र शोधाच. मुळाशीच पूर्ण बंद झालेला ग्राफ्ट कधीकधी दिसतच नाही, महाधमनीवर नुसता उंचवटा राहतो. तीन जोडले होते हे माहीत नसेल, तर दोन बघून सगळं ठीक वाटू शकतं. छातीतली धमनी वापरली असेल तर स्कॅन गळ्याच्या हाडापासून सुरू करावा लागतो, तेही आधी कळलेलं बरं. नाडी ६०-६५च्या आत आणायला बहुधा गोळी देतात. दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा सराव घरीच करून घ्या.

प्रतिसाद २
नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) काढून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती थांबवायची की नाही, तेही त्यावरच ठरतं. नळीच्या अँजिओतही डाय असतोच, हे काकांना सांगा. पण त्यांचं अगदीच चूक नाही: स्टेंट लागणार असं डॉक्टरांना आधीच वाटत असेल, तर थेट तिकडे जाणं सोयीचं. सीटीत ग्राफ्ट उघडा की बंद ते कळतं, स्नायूला रक्त कमी पडतंय का ते स्ट्रेस थॅलियम किंवा स्ट्रेस इको (हृदयाला ताण देऊन केलेली तपासणी) सांगतो. आमच्या आईला दोन्ही लागलं.

आणि बसल्या बसल्या दुखायला लागलं, तर तारखेची वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ता
आभार! डिस्चार्जचा कागद आईच्या पासबुकांच्या पिशवीत सापडला. तीन ग्राफ्ट: एक छातीतल्या धमनीचा, दोन पायाचे. आम्ही इतकी वर्षं दोनच समजत होतो. उद्या ईजीएफआर करून डॉक्टरांकडे जातोय, काकाही बरोबर येणार आहेत.