सुटका झालेल्या मुलांचे फोटो टाकावेत का?

गोदाकाठ:
नाशिकच्या एका संस्थेने वीटभट्टीवरून सोडवलेल्या मुलांचा फोटो त्याच दुपारी फेसबुकवर टाकला. डोळ्यांवर काळी पट्टी होती, पण शर्टाच्या खिशावरचं शाळेचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. संध्याकाळी मालकाचा माणूस एका मुलाच्या बापाच्या दारात उभा: आगाऊ घेतलेली उचल कोण फेडणार? बाल न्याय कायद्याचं कलम 74 अशी ओळख उघड करायला मनाई करतं, 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माझं मत, वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, म्हणजे मुक्तीचा दाखला, हातात पडेपर्यंत एक अक्षर टाकू नये.

घोटीकर:
अजिबात पटत नाही. आमच्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं 500 रुपये नि एका मेंढीवर नगरच्या मेंढपाळांकडे राबत होती, हे 2022 मध्ये जगाला कळलं ते एका मुलीचा जीव गेल्यावर. बोंब झाली, बातम्या आल्या, मग यंत्रणा हलली. दाखल्यासाठी गुपचूप दिलेला अर्ज तहसीलच्या फायलीत पडून राहतो. मी स्वतः चार खेपा घातल्यात.

त्र्यंबकरोड:
मी सुटकेच्या कामात असते. मागे आमच्यातल्याच एकाने पहिल्या भट्टीवरून लाइव्ह केलं. दुसऱ्या भट्टीवर पोचलो तर चुली अजून कोमट होत्या, माणसं नव्हती. रातोरात नव्हे, तासाभरात हलवली. ती कुटुंबं आम्हाला पुन्हा सापडली नाहीत.

आणि या पोस्टी असतात कोणासाठी? मुंबई-पुण्याच्या देणगीदारांसाठी. 1976 च्या कायद्याने वेठबिगाराची उचल बुडीत झाली, ती फेडायची नसते, हे पाड्यावरच्या माणसाला त्याच्या बोलीत कोण सांगतं? दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर सोडला, तर त्या बापाला दारातल्या माणसाला उत्तर देता आलं असतं.

घोटीकर:
ताई, देणगीदारांना नावं ठेवू नका. सरकारची तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत मिळते, पण ती येईस्तोवर जीपचं भाडं, किराणा, औषधं कुठून आणायची? चेहरा पाहिल्याशिवाय लोक हात सैल करत नाहीत.

त्र्यंबकरोड:
करतात. आम्ही किराणाच्या यादीचा फोटो टाकला होता: तांदूळ, तूरडाळ, तेल, पोरांच्या चपला मापासकट. दोन दिवसांत सगळं आलं.

गोदाकाठ:
हे मला सुचलं नव्हतं. एक अक्षर नको म्हणालो, ते मागे घेतो.

घोटीकर:
चेहरे नकोत, मान्य. पण अर्ज कोणत्या तारखेला दिला नि कोणत्या कचेरीत पडलाय, हे मी रोज सकाळी टाकणार.