बायबलमधलं ते गंगाळ नेमकं कशाला?

जालन्याचा_मोसंबीवाला
मित्राकडं मराठी बायबल चाळत होतो तर निर्गमच्या ३० व्या अध्यायात पितळेचं गंगाळ आलं अन् मला आमच्या आजीच्या न्हाणीतलं गंगाळच दिसायला लागलं. वेदी अन् दर्शनमंडपाच्या (देवाच्या भेटीचा तंबू) मधी ठेवायचं म्हणे. कामून, बळीच्या जनावराला आंघोळ घालायला का? आमच्याकडं कंदुरीला (नवसाचा बोकड कापून जेवण घालतात ती) बोकडावर पाणी टाकतात, त्यानं अंग झाडलं की देवानं घेतला म्हणतात, तसलं काही?

औंढ्याचा_पाहुणा
नाही भाऊ, ते याजकांसाठी, म्हंजे बळी वाहणाऱ्या पुजाऱ्यांसाठी. अहरोन (मोशेचा भाऊ, पहिला मुख्य याजक) अन् त्याच्या पोरांनी वेदीपाशी जायच्या आधी हातपाय धुवायचे, नाहीतर मरण, असं सरळ लिहिलंय. पुढं ३८ व्या अध्यायात बघा, ते गंगाळ बायकांच्या आरशांपासून केलेलं. तेव्हा आरसा म्हंजे घासून चकचकीत केलेला धातू, त्यामुळं वितळवला की झालं.

जनावर धुवायचं, पण कापल्यावर. होमार्पणाची (सगळं जाळून देवाला वाहायचा बळी) आतडी अन् पाय पाण्यानं धुऊन मगच वेदीवर (बायबलातलंच लेवीय पुस्तक, अध्याय १). ज्यानं वजडी साफ केलीय त्याला कारण सांगायला नको 😄 अन् अंग झाडायचं वगैरे काही नाही, जनावर बिनखोडीचं पाहिजे एवढंच.

लातूरची_माय
कापायचं कोणी ते राहिलंच की. आपल्याकडं मुलाण्याला बोलावतात, तिथं ज्याचं जनावर त्यानंच डोक्यावर हात ठेवून कापायचं, याजकाचं काम रक्तापासून सुरू, ते वेदीला लावायचं, खायचं बिलकुल नाही. कंदुरीच्या जवळचं म्हणाल तर शांत्यर्पण, म्हंजे देवासोबत वाटून खायचा बळी, चरबी वेदीवर, ऊर अन् उजवी मांडी याजकाला, बाकी घरच्यांनी खायचं, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळून टाकायचं. पापार्पणाला (पाप फेडायच्या बळीला) ऐपत नसंल तर दोन पारवे, तेबी नसंल तर नुसतं पीठ चालायचं, हे मला लई पटलं.

जालन्याचा_मोसंबीवाला
मग साध्या माणसाला आंघोळ नव्हतीच का?

औंढ्याचा_पाहुणा
होती ना, पण ती विटाळाची. मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं तर कपडे धुवा, आंघोळ करा, तरी संध्याकाळपर्यंत अशुद्धच. माणसाच्या मढ्याला हात लागला तर ७ दिवस, अन् तिसऱ्या नि सातव्या दिवशी तांबड्या कालवडीची राख घातलेलं पाणी अंगावर शिंपडायचं. आपल्या सुतकासारखंच, फक्त ३ दिवस कमी.

लातूरची_माय
यरुशलेमातलं मंदिर इ.स. ७० मधी रोमनांनी पाडलं, तवापासून यहुद्यांचे बळी बंद. शोमरोनी लोक (यहुद्यांच्या जवळचा, पण वेगळा छोटा समाज) मात्र अजून त्यांच्या पवित्र गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाला (मिसरातून सुटल्याचा सण) कोकरं कापतात, यूट्यूबवर व्हिडिओ हायेत, जेवताना बघू नका.