दुबईत नोकरी लागली: नवऱ्यानं बेडस्पेसमध्ये राहायचं की घर घेऊन सगळ्यांनी जायचं?

जुळे_सोलापूर

आपल्याकडं पोराला दुबईची नोकरी लागली की पेढे वाटता वाटताच एक गोष्ट ठरून जाते. तो तिकडं बेडस्पेसमध्ये राहणार, म्हणजे एका खोलीतली एक कॉट महिन्याच्या भाड्यानं घेणार, आणि बायको-पोरं इथं सासू-सासऱ्यांजवळ. "एक-दोन वर्षं काढ, कर्ज फिटू दे, मग बघू." माझ्या ओळखीतल्या दोन घरांत हे "मग बघू" पोरं दहावीला गेली तरी आलेलं नाही. गेल्या आठवड्यात नात्यातल्या एका मुलाला ऑफर आली आणि तीच चर्चा पुन्हा ऐकली, म्हणून लिहितेय. मी स्वतः लग्नानंतर दुबईत राहिले आहे.

माझं म्हणणं असं की घराचा हिशेब नोकरीला हो म्हणायच्या आधी मांडा. कुटुंबासकट राहता येईल एवढा पगार मागा. मिळत असेल तर सगळे जा, पहिल्या वर्षापासून जा.

हिशेब सोलापूरसारखा नसतो, तो आधी समजून घ्या. आपल्याकडं अकरा महिन्यांचा करार, दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, दर महिन्याला भाडं. दुबईत भाडं वर्षाचं सांगतात आणि त्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच सही करून द्यायचे, एक, दोन, चार, कधी सहा किंवा बारा. चेक जेवढे कमी तेवढं भाडं कमी होण्याची शक्यता जास्त. समजा वर्षाचे 60,000 दिरहम ठरले आणि मालक चार चेकना तयार झाला. पहिला चेक 15,000. डिपॉझिट साधारण 5 टक्के, म्हणजे 3,000 (सामानासकट घर असेल तर 10 टक्के). एजंटचे बहुधा 5 टक्के, आणखी 3,000. वीज-पाण्यासाठी देवाकडं (तिथल्या वीज-पाणी खात्याला देवा म्हणतात) फ्लॅटचं डिपॉझिट 2,000. झाले 23,000 दिरहम, आपले पाच लाखांच्या पुढे. अजून घरात गादीसुद्धा आलेली नाही. पुढं देवाच्या बिलातच महापालिकेचा घरपट्टीसारखा आकार लागतो, वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के, म्हणजे या उदाहरणात महिन्याला 250.

एवढं वाचून लोक घाबरतात आणि कॉटवर जातात. पण एकदा करार एजारीत, म्हणजे सरकारी नोंदणीत गेला की भाडेकरूला तिथं जे संरक्षण आहे ते आपल्याकडं मी पाहिलेलं नाही. 2013 च्या 43 क्रमांकाच्या आदेशानुसार तुमचं भाडं त्या भागातल्या सरासरीपेक्षा 10 टक्क्यांपर्यंतच कमी असेल, तर मालकाला एक दिरहमही वाढवता येत नाही. कितीही कमी असलं तरी एका वेळी 20 टक्क्यांच्या वर वाढ नाही. वाढवायचं तर करार संपायच्या 90 दिवस आधी कळवायला हवं. घर विकायचंय किंवा स्वतःला राहायचंय म्हणून काढायचं तर 12 महिन्यांची नोटीस, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टानं. व्हॉट्सअॅपवर "घर खाली करा" म्हटलं की नोटीस झाली असं नाही.

मत मांडा, विरोधात असलं तरी मांडा.

कुमठा_नाका

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो कुणासाठी आहे ते सांगा ना. मी दुबईच्या सातवा भागात राहतो (साटवा म्हणतात काही जण, तेच), एसी मेंटेनन्सला आहे. पगार 3,500. बायको-पोरांचा व्हिसा काढायला पगार किमान 4,000 लागतो, किंवा 3,000 आणि राहायची सोय कंपनीची. माझ्याकडं यातलं काहीच नाही. माझ्यासारख्याला "पगार मागा" म्हणून मिळत नसतो, ताई. माझ्या जागी यायला दहा जण रांगेत आहेत.

बेडस्पेस म्हणजे नरक असं तुम्ही सरळ म्हणाला नाहीत, पण सूर तोच आहे. आमच्या खोलीत सहा जण आहोत. प्रत्येकाच्या कॉटला पडदा, डोक्याशी एक छोटा पंखा, चार्जरची वायर, चपला पिशवीत घालून कॉटच्या पायाला बांधलेल्या. फ्रिजच्या दारावर स्वयंपाकाचं वेळापत्रक लावलंय, सकाळी साडेपाचला कोण, रात्री नऊला कोण. माझी शेंगा चटणीची बरणी सगळ्यांना माहीत आहे आणि ती कुणी विचारल्याशिवाय उघडत नाही. गैरसोय आहे, पण शिस्त आहे.

या कॉटवर झोपून मी वडिलांच्या पॉवरलूमचं कर्ज फेडलं आणि बहिणीचं लग्न केलं. घर घेऊन राहिलो असतो तर माझे पैसे दुबईतल्या घरमालकाला गेले असते. चादरीचा धंदा बसल्यावर पूर्वभागातली किती घरं अशा कॉटवरून आलेल्या पैशावर उभी आहेत, ते एकदा अशोक चौकात विचारून बघा.

जुळे_सोलापूर

दादा, 4,000 च्या खालच्या माणसाला माझं म्हणणं लागू नाही, हे मान्य, आणि ते तुम्ही लिहिलंत हे चांगलं झालं, कारण अनुभवानं लिहिलंत. माझा रोख 10-12 हजार पगार असूनही "वाचवू" म्हणून कॉट धरणाऱ्यांवर आहे.

तुम्हाला एकच विचारते, काळजीनं. तुमचं नाव त्या घराच्या एजारीत सहरहिवासी म्हणून घातलंय का? 2025 च्या जूनमध्ये महापालिकेनं रिग्गा, मुरक्कबात, बरशा, सातवा या भागांत प्लायवूडच्या पार्टिशनांवर आणि खच्चून भरलेल्या फ्लॅटवर कारवाई केली. अशा वेळी ज्याच्याकडं कागद नाही त्याला सामान उचलून निघावं लागतं, आणि ज्यानं पैसे घेतले तो फोन उचलत नाही. मुख्य भाडेकरूनं मालकाच्या परवानगीशिवाय कॉट भाड्यानं दिल्या असतील तर तुमची बाजू घ्यायला कुठलाच करार नाही.

होटगी_रोड

तुम्ही दोघंही दुबई-दुबई करताय. शारजा का नाही? मी दुबईत अकाउंट्सला आहे आणि शारजाच्या अल नहदात कुटुंबासह राहतो. रस्त्यापलीकडं दुबईचं अल नहदा, तिथं तेवढ्याच खोल्यांना बरंच जास्त भाडं. शारजात एजारी नाही, करार महापालिकेत नोंदवतात. आणि पहिली तीन वर्षं मालकाला भाडं वाढवता येत नाही, हा मोठा दिलासा आहे. मुलगी सीबीएसईच्या शाळेत, तिची बस दारात येते. सुट्टीच्या दिवशी मामजारच्या किनाऱ्यावर जातो. समुद्र बघायला कुणी भाडं मागत नाही.

सात_रस्ता

मामजारपर्यंत सुट्टीच्या दिवशी जाता, ते ठीक. सोमवारी सकाळी ऑफिसला कसे जाता ते लिहा की! दुबईकडं जाणाऱ्या इत्तिहाद रोडवर सकाळी जी रांग लागते, तिच्यात बसून मी शारजाचं घर सोडलं. सकाळी सव्वासहाला निघालो नाही तर आठच्या आत पोचायची खात्री नाही. संध्याकाळी तेच उलट. पोरगं उठायच्या आधी घर सोडायचं आणि ते पेंगुळल्यावर परतायचं. मग कुटुंब आणलं कशाला? वर सालिकचा टोल, गर्दीच्या वेळी आता गेटमागे 6 दिरहम.

आणि 16 एप्रिल 2024 चा पाऊस विसरू नका. तिथं नोंदी ठेवायला लागल्यापासून, म्हणजे 1949 पासून, एवढा पाऊस झाला नव्हता. शारजाच्या काही वस्त्यांत कित्येक दिवस पाणी उतरलं नाही. लिफ्ट बंद, तळघरातल्या गाड्या पाण्यात. घर बघताना इमारतीच्या वॉचमनला विचारा, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं. एजंट सांगणार नाही, वॉचमन सांगतो.

माझं मत: मेट्रोच्या ग्रीन लाइनवर, कुसैसच्या बाजूला, लहान का होईना पण दुबईतलं घर घ्या. स्टुडिओ चालेल. वेळ हीच तिथली खरी बचत आहे.

बाळीवेस

मी वयानं तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे, थोडं वेगळं बोलतो. माझा मुलगा तिकडं आहे, सून आणि नातू इथं. तुम्ही सगळे भाडं आणि चेक मोजताय. शाळेची फी मोजा, आजारपण मोजा, वर्षातून एकदा चौघांची तिकिटं मोजा. मुंबई किंवा हैदराबाद गाठून विमान पकडायचं, त्याचा खर्च वेगळा. आणि नोकरी गेली तर? चेक तर सही करून मालकाच्या कपाटात. इथं घर आहे, माणसं आहेत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नातू माझ्या खांद्यावर बसून नंदीध्वज बघतो. ते सगळं सोडून चौदाव्या मजल्यावर बंद काचेच्या आत पोरगं वाढवायचं, हे मला पटत नाही.

विजापूर_रोड

काका, तुमचा मान राखून बोलते, कारण तुमच्या सुनेच्या जागी मी आहे.

माझा नवरा गेली पाच वर्षं तिकडं आहे. पगार चांगला, खोलीत चौघं. आम्ही रात्री व्हिडिओ कॉल करतो तेव्हा तो बोलत नाही, टाइप करतो, कारण खोलीतले बाकीचे झोपलेले असतात. मी इथं बोलते, तो तिकडून मान हलवतो. मुलगा विचारतो, "बाबांना आवाज नाही का?" नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा पहाटे उठून भरणारी मी एकटी. सासऱ्यांचं बीपी, मुलाची शाळा, बँकेचे हप्ते, सगळं माझ्याकडं. मला कष्टाचं दुःख नाही. पण हे ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या घरात सुनेला विचारलं होतं का, काका? खरंच विचारते, टोमणा नाही.

नंदीध्वज माझ्या मुलालाही बघायचा असतो. जानेवारीत पंधरा दिवस येऊन बघता येतो. बाप पंधरा दिवसांत बघून होत नाही.

बाळीवेस

विचारलं नव्हतं, पोरी. आज विचारतो.

होटगी_रोड

काकांचा नोकरी जाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, तो कुणी उडवून लावू नका. दुबईत करार मधेच सोडायचा हक्क कायद्यानं आपोआप मिळत नाही. करारातच कलम घालून घ्यावं लागतं, बहुतेक मालक दोन महिन्यांच्या भाड्यावर तयार होतात. सही करायच्या आधी मागितलं तर देतात, नंतर नाही. पूर्वी चेक वटला नाही की थेट पोलीस केस व्हायची. जानेवारी 2022 पासून नुसते खात्यात पैसे नव्हते एवढ्यासाठी सहसा तसं होत नाही, पण मालक कोर्टातून वसुली लावू शकतो. बेकारीचा विमा 2023 पासून सक्तीचा आहे. मूळ पगार 16,000 पर्यंत असेल तर महिन्याला 5 दिरहम हप्ता, नोकरी गेली तर मूळ पगाराच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. पण किमान बारा महिने हप्ते भरलेले हवेत. म्हणजे पहिलं वर्ष उघड्यावरच असतं. या एका कारणासाठी मी म्हणेन, नवऱ्यानं प्रोबेशनचे सहा महिने एकट्यानं काढावेत. फक्त सहा, आणि तारीख घरात सगळ्यांसमोर ठरवून.

जुळे_सोलापूर

प्रोबेशनचं मला पटलं. तारीख ठरवून, हे तर जास्तच पटलं.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड

माझ्याही हातात ऑफर आहे. ताईंच्या नात्यातला मी नाही, पण परिस्थिती तीच. वय 29, लग्न झालंय, मुलगी दीड वर्षाची. 9,000 दिरहम, त्यात घरभाड्याचे 3,000 धरलेले. इंटरनेटवर मरीनाजवळ, समुद्र दिसणारा फ्लॅट स्वस्तात दिसला. एजंट म्हणतो, टोकन पाठवा, पोचल्यावर चावी. काय करू? आणि समुद्राजवळ घ्यावं का?

सात_रस्ता

टोकन पाठवू नका. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया नाही. एजंटकडं रेराचं (एजंटांना परवाना देणारी तिथली सरकारी संस्था) ओळखपत्र मागा, मालकाचं टायटल डीड, म्हणजे मालकीचा कागद मागा, आणि चेक त्या टायटल डीडवर ज्याचं नाव आहे त्याच्याच नावानं काढा, एजंटच्या नावानं कधीच नाही. रोख पैसे दिलेच तर मालकाची पावती.

समुद्राजवळचं आकर्षण समजू शकतो, सोलापूरच्या माणसाला तर जास्तच. पण आपला उन्हाळा 43 अंशांचा असला तरी कोरडा, घाम वाळतो. तिथं जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर चष्मा बाहेर पाऊल टाकताच धुकटतो. एसी बंद करून महिनाभर गावी आलात तर कपाटातल्या चपलांना बुरशी येते. "चिलर फ्री", म्हणजे एसीच्या गारव्याचा खर्च भाड्यातच, आहे का ते विचारा. नसेल तर गारव्याचं बिल बऱ्याचदा वीजबिलाहून वेगळं येतं आणि उन्हाळ्यात घाम फोडतं. दीड वर्षाची मुलगी असताना समुद्रापेक्षा मेट्रो, दवाखाना आणि भाजीचं दुकान जवळ असलेलं बरं.

जुळे_सोलापूर

9,000 मध्ये तिघांना स्टुडिओत जमेल, ओढाताण होईल पण जमेल. सही करायच्या आधी एचआरला लेखी विचारा: वर्षाचं भाडं आगाऊ देऊन पगारातून दरमहा कापणार का? बऱ्याच कंपन्या करतात. तसं झालं तर मालकाला एकच चेक देता येतो आणि भाड्यात घासाघीस करता येते. पोचल्यावर पहिल्या महिन्याची राहायची सोय कोणाची, हेही विचारा. आणि बायकोला शेजारी बसवून तो मेल लिहा.

कुमठा_नाका

आणि कंपनी नाही म्हणाली, तर कॉटला लाजू नका. ताईंनी विचारल्यावर मी मुख्य भाडेकरूला गाठून एजारीचा कागद मागितला. त्यानं मोबाइलमधल्या सरकारी अॅपवर दाखवला, सहाही नावं आहेत. आमच्या खोलीतली खिडकीजवळची खालची कॉट पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, कळवा.