पारिया कॅनियन, 5 दिवस 4 रात्री: तारखा आणि पाण्याबद्दल सल्ला हवाय

रानवाट_फिनिक्स:
नमस्कार मंडळी, आम्ही चौघं जण पारिया कॅनियनचा पूर्ण ट्रेक करायचं म्हणतोय, युटामधल्या व्हाइट हाउसपासून ॲरिझोनात लीज फेरीपर्यंत, 38 मैल. मी आणि नवरा इथेच फिनिक्सला असतो, दादा-वहिनी पुण्याहून येणार आहेत. दोघं सह्याद्रीत 20 वर्षं फिरतायत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, त्यामुळे चालण्याची काळजी नाही, पण वाळवंटात सलग इतके दिवस कुणीच राहिलेलो नाही. दादाची रजा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळतेय. त्याला खरं तर वायर पासवरून बकस्किन गल्चमधून (पारियाला येऊन मिळणारी अरुंद घळ) उतरायचंय कारण फोटो बघून तो वेडाच झालाय. पाणी किती उचलावं लागतं, नदीचं पिता येतं का, आणि सप्टेंबर चालेल का? परमिट अजून काढलेलं नाही.

कातळवेडा:
ताई, परमिट काढलं नाहीये हे बरं झालं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा घेऊ नका. इथला मॉन्सून 15 जून ते 30 सप्टेंबर धरतात, आणि या कॅनियनमध्ये धोका तुमच्या डोक्यावरच्या पावसाचा नाही, वरच्या पावसाचा आहे. पारिया नदी ब्राइस कॅनियनच्या बाजूने येते, तिकडे दुपारी ढग फुटला तर तुमच्यावर निळं आकाश असतानाच पाणी येतं. 12 ऑगस्ट 1997 ला जवळच्याच लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये असेच 11 जण गेले, पाऊस पडला होता कित्येक मैल लांब. आणि फक्त मॉन्सूनच नाही, मार्च 2023 मध्ये बकस्किनमध्येच पुरात दोघे गेले. दादांना एवढंच सांगा की सांदण दरीत जुलैमध्ये कुणी उतरतं का? तसंच हे आहे, फक्त सांदणसारखं काही तासांत बाहेर पडता येत नाही.

बकस्किनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा जाताय तर नको. वायर पासवरून पारिया नदीच्या संगमापर्यंत साधारण 13 मैल अरुंद घळ आहे, आत मुक्कामाला जागा नाही, मध्ये चढून निघायची एकच वाट आणि तीही पाठीवर सॅक घेऊन सोपी नाही. ऊन खाली पोचत नाही म्हणून डबकी बर्फासारखी गार, कधी कधी छातीपर्यंत, आणि संगमाच्या थोडं आधी मोठे धोंडे अडकलेत तिथे दोराने सॅका उतरवाव्या लागतात. व्हाइट हाउसवरून गेलात तरी सातव्या मैलाच्या आसपास बकस्किन येऊन मिळते, पाणी कमी असेल तर सॅका संगमावर ठेवून आत मैलभर जाऊन या, दादांना हवे ते फोटो तिथेच मिळतील.

ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा बघा. रात्रीच्या मुक्कामासाठी दिवसाला 20 च माणसं सोडतात, एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 10, म्हणून बुकिंग उघडलं की लगेच घ्या.

निवळी:
पाण्याचं मी सांगते, कारण माझं तिथेच चुकलं होतं. नदीचं पाणी चहासारखं दिसतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं, इतका गाळ. पहिल्या संध्याकाळी मी सरळ फिल्टर लावला आणि दुसऱ्या लिटरला तो बंद पडला, परत धुवून, उलटा मारून काही उपयोग नाही, आणि अजून चार दिवस जायचे होते. सोबतच्या काकांनी घडीची बादली भरली, त्यात चिमूटभर तुरटीची पूड टाकून ढवळली आणि ठेवून दिली. आजी मातीच्या घागरीत तुरटी फिरवायची अगदी तसं. अर्ध्या तासात वरचं पाणी निवळलं आणि तळाला बोटभर मऊ चिखल बसला. वरचं पाणी न हलवता कपाने काढायचं, मग फिल्टर. तुरटी पुण्याहून मागवू नका, इथल्या इंडियन ग्रोसरीत मिळते.

पण नदीचं पाणी हा शेवटचा पर्याय ठेवा. प्यायला झरे आहेत. साधारण 12 व्या मैलाला बिग स्प्रिंग, 22 च्या आसपास शॉवर स्प्रिंग आणि 25 च्या आसपास लास्ट रिलायेबल स्प्रिंग, नावातच सांगितलंय की पुढे भरवशाचं पाणी नाही. तिथून लीज फेरी अजून 13 मैल, कॅनियन उघडा होतो, सावली संपते, पायाखाली वाळू, तेव्हा त्या झऱ्यावर प्रत्येकाने निदान 5 लिटर भरून घ्या, जड वाटलं तरी. आणि निघताना पहिल्या झऱ्यापर्यंतचं पाणी गाडीतूनच आणायचं.

कातळवेडा:
+1. अजून एक, चौथ्या ते नवव्या मैलाचा पट्टा सगळ्यात अरुंद आहे, तिथे तंबू लावायचा नाही. पहिल्या दिवशी निघायला उशीर झाला तर त्याच्या आधीच थांबा आणि सकाळी एका दमात पार करा. मुक्काम नेहमी उंच ओट्यावर, जिथे झाडं जुनी आहेत आणि पुराचा काडीकचरा अडकलेला दिसत नाही तिथे. निघायच्या आदल्या दिवशी रेंजर स्टेशनला हवामान विचारा आणि यूएसजीएसच्या (अमेरिकेची सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) साइटवर कॅनाबजवळच्या गेजला, म्हणजे पाणी मोजायच्या केंद्राला, नदीचं पाणी बघा. अंदाज वाईट असेल तर गाडी वळवून घरी या, रजा गेली तरी चालेल.

पायवाट_सिॲटल:
बुटांबद्दल कुणी बोललं नाही. नदी शेकड्याने वेळा ओलांडावी लागते, वॉटरप्रूफ बूट अजिबात नकोत, आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. जाळीचे ट्रेल शूज, निओप्रीनचे मोजे, दोन काठ्या. काठी आधी टेकवून बघायची, काही ठिकाणी वाळू गुडघ्यापर्यंत ओढते. दुपारी आणि संध्याकाळी मोजे काढून बोटांमधली वाळू धुवायची, माझ्या मैत्रिणीने आळस केला आणि तिसऱ्या दिवशी टाच सोललेली. शेकोटीला बंदी आहे, स्टोव्ह न्या. शौचाच्या पिशव्या सक्तीच्या आहेत, सगळं पाठीवरून परत आणायचं, वहिनींना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे अवघडल्यासारखं होणार नाही. जेवायला आम्ही ठेपले, भडंग, मेतकूट-भात आणि गूळ-शेंगदाणे नेले होते, मेतकूट-भाताने रात्री फार बरं वाटायचं. फोनला रेंज नाही, सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या.

रानवाट_फिनिक्स:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दादाशी बोलले, 1997 चं वाचून तो बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच म्हणाला बकस्किन पुढच्या वेळी. रजा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरकवतोय. आमच्याकडे एकच गाडी आहे, मग शेवटी व्हाइट हाउसला परत कसं जायचं?

निवळी:
गाडी लीज फेरीला ठेवा आणि पेज गावातून शटल बुक करून सकाळी व्हाइट हाउसला जा, रस्त्याने सत्तर-पंच्याहत्तर मैल, दीडेक तास. म्हणजे शेवटच्या दिवशी कुणासाठी थांबायला नको, हव्या त्या वेगाने चाला. आणि वेळ ठरवताना लक्षात घ्या, ऑक्टोबरमध्ये युटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, शटलवाल्याला विचारून घ्या तो कुठली वेळ सांगतोय. शेवटच्या दिवशी व्हर्मिलियन क्लिफ्सकडे मान वर करून बघत जा, तिथे 1996 पासून कॅलिफोर्निया कॉन्डोर (प्रचंड मोठी, दुर्मीळ गिधाडं) सोडलेत, आम्हाला दोन दिसले होते.